स्प्रिंग स्नोवरचं स्कीइंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थंडी ओसरायला लागली, दिवस मोठे झाले की बरेच जण स्की आवरून ठेवतात. माझ्या मते वर्षातलं सगळ्यात मोकळं, सगळ्यात आनंदाचं स्कीइंग तिथूनच पुढे सुरू होतं, फक्त ते वेळेवर अवलंबून असतं आणि ती वेळ कशी ओळखायची हे सहसा कोणी नीट सांगत नाही. म्हणून जे प्रश्न परत परत येतात त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

स्प्रिंग स्नो म्हणजे वितळत चाललेला बर्फच ना?

अर्धंच बरोबर. नुसता वितळत चाललेला बर्फ म्हणजे चिखल, त्याला स्लश म्हणतात. ज्या बर्फासाठी लोक पहाटे उठून डोंगर चढतात तो कॉर्न, आणि तो दिवसा वितळून रात्री गोठलेला, परत वितळून परत गोठलेला असा अनेक दिवसांच्या चक्रातून तयार झालेला असतो. होतं असं की बर्फात पाणी आलं की बारीक कण आधी वितळतात आणि मोठे कण त्या पाण्यावर आणखी मोठे होतात, टोकं झिजतात, कण गोल होतात, आणि रात्री हे सगळे गोल कण एकमेकांना घट्ट चिकटून गोठतात. असं बरेच दिवस चाललं की ताज्या बर्फाच्या नाजूक चांदण्यांचा मागमूस राहत नाही, हातात घेतला तर एक ते काही मिलीमीटरचे गोल, पारदर्शक दाणे दिसतात. वजनातही जमीनअस्मानाचा फरक. ताजी पावडर साधारण ५० ते १०० किलो प्रति घनमीटर, आणि हा मुरलेला स्प्रिंग स्नो ४०० ते ६०० पर्यंत जातो. म्हणूनच तो माणसाचं वजन आरामात पेलतो.

मग "चांगला" कॉर्न नक्की कसा असतो?

वर दोन ते पाच सेंटीमीटर सैल झालेले ओलसर दाणे आणि त्याखाली न तुटणारा, टणक, गोठलेला थर. बस एवढंच. वरच्या दाण्यांमुळे एज, म्हणजे स्कीची धातूची कड, सहज बसते, स्की वळते, आवाजही मऊ येतो, आणि खालच्या थरामुळे स्की बुडत नाही, त्यामुळे वेग आणि कंट्रोल दोन्ही एकाच वेळी मिळतं. पावडरमध्ये तरंगायला थोडं तंत्र लागतं, बर्फाळ पिस्टवर, म्हणजे मशीनने दाबून सपाट केलेल्या स्कीच्या वाटेवर, धारदार एज लागते, कॉर्नवर मात्र मध्यम स्कीअरसुद्धा असा काही सुंदर टर्न मारून जातो की त्यालाच विश्वास बसत नाही.

याहून दुर्मिळ प्रकार म्हणजे फर्नस्पीगल. थंड, निरभ्र दिवशी कडक उन्हात पृष्ठभागावर अगदी पातळ, काचेसारखा बर्फाचा पापुद्रा तयार होतो, ऊन त्यातून आत जातं आणि पापुद्र्याच्या लगेच खालचे कण वितळतात, पण हवा थंड असल्यामुळे पापुद्रा तसाच टिकतो. सूर्य खाली असताना समोरून बघितलं तर अख्खा उतार चकाकतो. त्यावरून स्की गेली की पापुद्र्याचे तुकडे किणकिणत तुमच्या पुढे घसरत जातात. हे ज्याने एकदा ऐकलंय तो विसरत नाही.

दिवसाचं तापमान किती असलं पाहिजे?

हा प्रश्न सगळे विचारतात, पण माझं म्हणणं आहे की आधी रात्रीबद्दल विचारा. दुपारी किती गरम होणार यापेक्षा आदल्या रात्री बर्फ नीट गोठला का यावर सगळा दिवस ठरतो. रात्री गोठलाच नाही तर सकाळी सहालाही तो सडलेलाच असतो, आणि मग कितीही सुंदर ऊन पडलं तरी काही उपयोग नाही.

रात्री तापमान शून्याच्या वर होतं, तरी सकाळी बर्फ कडक होता. असं कसं?

कारण आपण हवेचं तापमान वाचतो आणि गोठतो तो बर्फाचा पृष्ठभाग, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बर्फ दिसतो पांढरा, सूर्यप्रकाश परत फेकतो, पण उष्णतेच्या म्हणजे इन्फ्रारेड किरणांच्या बाबतीत तो जवळजवळ काळ्या वस्तूसारखा वागतो, रात्रभर उष्णता वर फेकत राहतो. आकाश निरभ्र असेल तर ती निघून जाते आणि पृष्ठभाग हवेपेक्षा कितीतरी थंड होतो, म्हणून हवा दोन तीन अंश वर असली तरी वरचा थर गोठू शकतो. हवा कोरडी असेल तर अजून चांगलं, कारण बाष्पीभवनातही उष्णता जाते.

ढग आले की सगळं उलटं. ढग तीच उष्णता परत खाली पाठवतात, आणि मग थर्मामीटर शून्याच्या आसपास असूनही बर्फ ओला तो ओलाच. म्हणून हवामानाचा अंदाज बघताना मी किमान तापमानाच्या आधी रात्रीचे ढग बघते, मग दवबिंदू, मग वारा, आणि तापमान सगळ्यात शेवटी.

अजून एक गोष्ट, गोठायला वेळ लागतो. एक किलो पाणी गोठताना साधारण ३३४ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते, म्हणजे तेवढंच पाणी ८० अंशांवरून शून्यावर आणायला जेवढी काढावी लागते तेवढी. आदल्या दिवशी बर्फ खोलवर भिजला असेल आणि आकाश पहाटे तीनला मोकळं झालं असेल तर वर फक्त पातळ पापडी येते, खाली सगळं मऊ. अशी पापडी पायाखाली तुटते, आणि तुटणाऱ्या पापडीवर स्कीइंग करणं गुडघ्यांसाठी वाईट, त्या दिवशी सरळ बेत बदलावा.

किती वाजता निघायचं?

घड्याळाची एक वेळ सांगता येणार नाही, कारण प्रत्येक उताराची वेळ वेगळी असते. उत्तर गोलार्धात सकाळी पहिलं ऊन पूर्वेकडच्या उतारांना मिळतं, मग आग्नेय, मग दक्षिण, मग दुपारकडे नैऋत्य आणि पश्चिम. उत्तरेकडचे उतार सगळ्यात शेवटी, आणि तिथे तर कॉर्न तयार व्हायलाच कित्येक आठवडे उशीर होतो. दक्षिण गोलार्धात असाल तर दक्षिणेच्या जागी उत्तर धरा. यामुळे एका दिवसात सूर्यामागोमाग फिरत दोन तीन उतारांवर चांगला बर्फ पकडता येतो, आणि खरं सांगायचं तर हे गणित जमवण्यातच अर्धी मजा आहे.

एका उतारावर चांगली वेळ किती टिकते? बऱ्याचदा तासभर, कधी दोन तास, गरम दमट दिवशी त्याहूनही कमी. उतार जितका तीव्र आणि सूर्याकडे तोंड केलेला तितका तो लवकर सैल होतो, कारण सकाळचे तिरपे किरण त्याच्यावर सरळ पडतात. उंची वाढली की वेळ पुढे जाते. आणि वारा विसरू नका, जोराचा थंड वारा असेल तर ऊन असूनही पृष्ठभाग दिवसभर टणक राहू शकतो, लोक वर बसून वाट बघतात आणि शेवटी टणक बर्फावरूनच कडकड करत उतरतात.

वर पोचलो पण अजून सैल झाला नाहीये. उतरू का?

थांबा. खाऊन घ्या, पाणी प्या, कपडे सारखे करा. गोठलेल्या तीव्र उतारावर पडलात तर पहिल्या सेकंदातच थांबलात तर थांबलात, नंतर वेग इतका वाढतो की थांबवणं अवघड होतं. दर दहा मिनिटांनी पोलचं टोक बर्फावर दाबून बघा. टोक नुसतं टकटक वाजतंय म्हणजे अजून वेळ आहे. वरच्या दोन तीन सेंटीमीटरमध्ये सहज गेलं आणि खाली अडलं, की निघायचं. पण एक लक्षात असू द्या, तुम्ही माथ्यावर उभे आहात, खालचा भाग कमी उंचीवर आहे आणि तिथे आधीच जास्त सैल झालेला असणार. म्हणून वरचा भाग अगदी परफेक्ट व्हायची वाट न बघता किंचित कडक असतानाच निघालेलं बरं, म्हणजे मधला उतार, जो सगळ्यात लांब असतो, तो बरोबर वेळेत मिळतो.

चढताना पहाटे उतार टणक असतो त्यामुळे स्की क्रॅम्पॉन, म्हणजे स्कीखाली लावायचे धातूचे दात, बरोबर हवेतच, आणि उतार जास्त तीव्र असेल तर बुटांचे क्रॅम्पॉन आणि आइस अ‍ॅक्सही.

उशीर झालाय हे कसं ओळखायचं?

स्की काढून उभं राहिल्यावर बूट घोट्यापर्यंत बुडला की त्या उतारावरची वेळ संपली. नडगीपर्यंत बुडत असेल तर तिथे थांबायचंच नाही.

हाताची एक सोपी परीक्षा आहे. मूठभर बर्फ घेऊन दाबा. गोळा छान बनतोय पण पाणी निघत नाहीये तोपर्यंत दाण्यांच्या सांध्यात थोडंच पाणी आहे, आणि ते पाणी दाण्यांना उलट धरून ठेवतं. दाबल्यावर बोटांमधून पाणी ठिबकायला लागलं म्हणजे पाण्याचं प्रमाण साधारण आठ टक्क्यांच्या वर गेलं, आता ते दाण्यांना धरत नाही, एकमेकांपासून सोडवतं. तिथून पुढे बर्फाची ताकद फार झपाट्याने जाते.

डोळ्यांना दिसणाऱ्या खुणा: उतारावरून आपोआप घरंगळणारे बर्फाचे गोळे आणि चक्रं, खडकांच्या आणि झाडांच्या बुडाशी सुटलेल्या छोट्या पंख्याच्या आकाराच्या घसरणी, स्की फिरवली की बाजूने सरकत जाणारा ओला थर. यातली एकही खूण दिसली तरी सावलीच्या किंवा कमी तीव्र उताराकडे वळा, किंवा सरळ खाली या.

स्प्रिंगमध्ये हिमस्खलनाचा धोका कमी असतो असं ऐकलंय, खरं का?

पहाटे नीट गोठलेला असेल तर खरंच कमी असतो, कारण सगळा थर एकसंध घट्ट झालेला असतो. पण तोच उतार दुपारी धोकादायक होऊ शकतो. म्हणजे धोका घड्याळाबरोबर चढतो, आणि म्हणूनच बऱ्याच ठिकाणच्या हिमस्खलनाच्या बुलेटिनमध्ये या काळात सकाळ आणि दुपारसाठी वेगळे धोक्याचे स्तर देतात. ते रोज वाचा.

ओल्या बर्फाच्या हिमस्खलनाचे ढोबळ तीन प्रकार सांगता येतील. एक, सैल ओली घसरण, एका बिंदूपासून सुरू होते आणि खाली रुंद होत जाते. हळू वाटते पण बर्फ प्रचंड जड असतो, माणसाला ढकलत कड्यावरून खाली नेऊ शकते. दोन, ओला स्लॅब, म्हणजे वितळलेलं पाणी खाली झिरपून एखाद्या जुन्या कमकुवत थरापर्यंत पोचतं आणि वरचा अख्खा पट्टा सुटतो. याचा अंदाज लावणं फार कठीण, तज्ज्ञांनाही. तीन, ग्लाइड, गवताळ किंवा गुळगुळीत कातळाच्या उतारावर पूर्ण थर जमिनीवरून सरकतो, आधी वर आडव्या भेगा उघडतात. अशा भेगांखाली थांबायचं नाही, जेवायला तर मुळीच नाही, आणि रात्री गोठलंय म्हणून ग्लाइड येणार नाही असंही समजू नका.

समुद्राजवळच्या डोंगरांत, जिथे हिवाळ्यात जाड आणि दमट बर्फ पडतो, तिथे थर लवकर एकजीव होतो. आतल्या कोरड्या, थंड प्रदेशात, उदाहरणार्थ कोलोरॅडोच्या रॉकीजमध्ये, तळाशी साखरेसारखा सुटा बर्फ हिवाळाभर राहतो, आणि पहिल्यांदा त्यात पाणी उतरतं ते दिवस फार नाजूक असतात. तिथे कॉर्नची घाई करू नये. बीकन (गाडलेल्या माणसाचा शोध लावणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं स्प्रिंगमध्येही बरोबर लागतंच, ते आणि ते वापरता येणारा सोबती.

रिसॉर्टच्या पिस्टवरही हेच लागू होतं का?

बरंचसं. मशीनने रात्री केलेल्या रेघा पहाटेपर्यंत गोठतात, लिफ्ट उघडताना टणक असतात, मग एक सुंदर काळ येतो, मग स्लश, आणि दुपारी माणसांनी ढकललेल्या बर्फाचे ढीग. पूर्वेकडच्या पिस्टपासून सुरुवात करा आणि सूर्याबरोबर फिरा. रेसच्या ट्रॅकवर मऊ बर्फ टणक करायला मीठ टाकतात हे बऱ्याच जणांना माहीत नसतं: मीठ वरचा थोडा बर्फ वितळवतं, त्यात उष्णता शोषली जाते, आणि खालचा ओला थर थंड होऊन घट्ट होतो. तो काही काळच टिकतो, पण तेवढ्यात रेस होते.

सपाट भागात स्की अचानक अडकते, तोंडावर पडायची वेळ येते. काय करू?

स्की आणि बर्फामध्ये पाण्याचा पातळ थर असला की ती छान घसरते, पण पाणी जास्त झालं की तेच पाणी बेसला, म्हणजे स्कीच्या तळाला, शोषून धरतं, दोन ओल्या काचा एकमेकींना चिकटतात तसं. उपाय दोन. पहिला, बेसला जरा जाडसर स्ट्रक्चर करून घ्या, म्हणजे ट्यूनिंगवाल्याकडून खोल रेघा, त्यातून पाणी आणि हवा खेळती राहते. दुसरा, गरम हवेसाठीचं मऊ वॅक्स, आणि दिवसात मध्येच लावायला खिशात घासून लावायचं वॅक्स. फ्लोरिनवालं वॅक्स मात्र विसरा, आंतरराष्ट्रीय स्की फेडरेशनने २०२३-२४ च्या सीझनपासून स्पर्धांमध्ये त्याच्यावर पूर्ण बंदी घातली आहे आणि निसर्गासाठी ते खरंच वाईट आहे.

शिवाय स्प्रिंगचा बर्फ घाणेरडा असतो. परागकण, धूळ, झाडांचा चीक, लिफ्टचं ग्रीस, हे सगळं बेसवर बसतं आणि कितीही वॅक्स लावलं तरी स्की ओढल्यासारखी वाटते. आधी साफ करा, मग वॅक्स. आणि उन्हातून सावलीत किंवा सावलीतून उन्हात जाताना वेग एकदम बदलतो, तिथे वजन पायांच्या मधोमध ठेवा, पुढे झुकून राहू नका.

टर्न कसे मारायचे?

कॉर्नवर काही खास लागत नाही, गोल, लांब टर्न मारा आणि आनंद घ्या. स्लशमध्ये मात्र दोन्ही स्कींवर वजन जवळजवळ सारखं ठेवा, कारण सगळं वजन बाहेरच्या स्कीवर टाकलं तर ती खोल रुतते आणि दुसरी भलतीकडे जाते. पाय जरा जवळ, हालचाली हळू, आडवं घासून ब्रेक मारण्याऐवजी टर्न थोडा वर वळवून वेग कमी करा. थोडा वेग राहू द्या, अगदी हळू गेलात तर जड बर्फ तुम्हाला फिरवतो, तुम्ही त्याला नाही. आणि थकवा आला की थांबा. दुपारच्या जड बर्फात स्की अडकते आणि शरीर पुढे फिरतं, गुडघ्याच्या लिगामेंटला नेमकं तेच महागात पडतं.

कुठली स्की घेऊ?

आहे ती चालेल. निवड असेल तर कमरेला, म्हणजे स्कीच्या मधल्या अरुंद भागाला, ९० ते १०० मिलीमीटर रुंद, टोकाला थोडा रॉकर, म्हणजे वर वळलेला बाक. सकाळच्या टणक बर्फासाठी एज मात्र धारदार हवी.

स्नोबोर्डवर?

अप्रतिम. फक्त सपाट भाग टाळा.

ऊन किती लागतं?

अंदाजापेक्षा खूपच जास्त. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकू शकतो, आणि दर हजार मीटर उंचीला ही किरणं साधारण १० टक्के वाढतात. म्हणजे हनुवटीखाली, नाकपुड्यांच्या आत, कानामागेही क्रीम लावा, ओठांना विसरू नका. गॉगल किंवा बाजू झाकणारा चष्मा ढगाळ वातावरणातही काढायचा नाही, स्नो ब्लाइंडनेस, म्हणजे अतिनील किरणांनी डोळे भाजणं, काही तासांनी सुरू होतो, तेव्हा कळून उपयोग नसतो. कपडे थरांचे घाला, पण हातमोजे आणि लांब बाह्या राहू द्या, टणक दाण्यांवर उघड्या हाताने पडलात तर कातडी सोलून निघते.

मध्येच ताजा बर्फ पडला तर?

पहिल्या सकाळी, ऊन लागायच्या आत, तो पावडर म्हणून वापरा. दुपारपर्यंत तो चिकट लगदा होतो आणि त्यात घसरणीही सुरू होतात. परत कॉर्न व्हायला काही दिवसांचं गोठण-वितळण लागतं.

बर्फावर गुलाबी, लालसर डाग दिसले. हे काय?

शैवाल. थंडीत जगणारी सूक्ष्म शैवालं आहेत, उन्हापासून बचावासाठी त्यांच्यात लाल रंगद्रव्य असतं. स्कीइंगला काही अपाय नाही, फक्त असा रंगीत बर्फ ऊन जास्त शोषतो आणि लवकर वितळतो, धूळ बसलेल्या बर्फाचंही तसंच. तो खाऊ नका.

असा बर्फ कुठे चांगला मिळतो?

जिथे जाड बर्फ, कोरडी हवा आणि मोकळ्या रात्री एकत्र येतात तिथे. कॅलिफोर्नियाचा सिएरा नेवाडा यासाठी प्रसिद्ध आहे. त्याच्या उत्तरेला कॅस्केड रांगेतले ज्वालामुखी, त्यात ४,३२२ मीटरचा माउंट शास्ता, त्याच्यावर एकसलग लांबच लांब उतार मिळतात. आल्प्समध्ये शामोनी ते झरमॅट ही ओट रूट, म्हणजे अनेक दिवसांची स्की सफर, स्प्रिंगमध्येच करतात. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशरच्या माउंट वॉशिंग्टनवरची टकरमन रॅव्हाइन ही तीव्र उतारांची घळ तर स्प्रिंगचीच जागा मानली जाते. जपानच्या गस्सानवर हिवाळ्यात इतका बर्फ असतो की तिथला स्की एरिया एप्रिलच्या सुमाराला उघडतो. आणि उत्तरेतला सीझन संपला की चिलीच्या ज्वालामुखींवर सप्टेंबर ते नोव्हेंबर हाच खेळ परत सुरू होतो.

सीझन कधी संपला म्हणायचा?

रात्री गोठणं थांबलं की. त्याशिवाय उन्हाळा जवळ आला की पृष्ठभागावर वाटीसारखे खड्डे पडतात, त्यांना सनकप म्हणतात, आणि ते खोल झाले की दातात दात आपटतात. तोपर्यंत मी तरी स्की आवरत नाही.

आणि आवरताना काय करायचं?

बेसवरची घाण आणि चीक काढा. गरम वॅक्स लावून तो गरम असतानाच खरवडा, आत शिरलेली घाण त्याच्याबरोबर निघते, काळपट निघाला तर परत एकदा करा. मग जाडसर थर लावून तसाच ठेवा, एजवरही थोडा येऊ द्या म्हणजे गंज चढत नाही. स्की पूर्ण कोरडी करून, उन्हापासून लांब, सावलीत उभी ठेवा.